टॉवर लाईन, ऊस आणि जिवंत पेशी

(शेतकी विभागाकडून)



ऊस नोंदीच्या निमित्ताने गटागटांतून फिरताना अलीकडे आम्हाला एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. "साहेब, रानावरनं टॉवरची लाईन गेली. आता तिच्या खाली ऊस लावावा का नको?" कुणी म्हणतो लाईनीखालचा ऊस वाढत नाही, कुणी म्हणतो म्हैस आटते. आमच्या भगिनी विचारतात, "खुरपायला गेलं तर पोटातल्या बाळाला काही होईल का?" या धास्तीपोटी काही सभासदांनी लाईनीखालचा पट्टा पडीक टाकला आहे.

यात एक चमत्कारिक गोष्ट आमच्या नजरेस आली. पट्टा पडीक पडला, की गाळप हंगामात तोच मोकळा म्हणून ऊसतोडीच्या टोळीला कोप्या घालायला दिला जातो. म्हणजे जिथे ऊस लावायची आपल्याला भीती वाटते, तिथे पाच-सहा महिने बायका-पोरे झोपतात! आज शास्त्राला जे ठाऊक आहे त्याप्रमाणे पाहिले तर आपले हे वागणे नेमके उलटे आहे. ते कसे, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख.

दाब आणि प्रवाह

विजेच्या तारेभोवती दोन प्रकारची क्षेत्रे असतात. एक विद्युत क्षेत्र आणि दुसरे चुंबकीय क्षेत्र. आपल्या पाईपलाईनचेच उदाहरण घ्या. व्हॉल्व्ह बंद असला तरी पाईपात पाण्याचा दाब असतो. व्हॉल्व्ह उघडला की पाणी वाहू लागते. विद्युत क्षेत्र हे दाबावर म्हणजे व्होल्टवर अवलंबून असते. तारेतून काही वाहत नसले तरी, ती चालू आहे तोवर ते असतेच. चुंबकीय क्षेत्र मात्र वाहणाऱ्या प्रवाहावर म्हणजे अँपियरवर अवलंबून असते.

आपल्याकडील वीज दर सेकंदाला ५० आवर्तने करते, म्हणजे ५० हर्ट्झ. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे. ही फार कमी वारंवारता झाली. क्ष-किरणांची वारंवारता याच्या अब्जावधी पट असते. क्ष-किरणाच्या एकेका कणात रेणू तोडण्याएवढी ताकद असते, म्हणून ते पेशीतील गुणसूत्रांना थेट इजा करू शकतात. ५० हर्ट्झच्या क्षेत्रात तशी ताकद नाही. तेव्हा लाईनीतून 'किरण' निघतात आणि ते अंगात शिरतात, ही जी बोलवा आहे तिच्यात तथ्य नाही.

विद्युत क्षेत्र अडवणे सोपे असते. भिंत, पत्रा, झाड एवढेच काय, उंच वाढलेला ऊससुद्धा ते अडवतो. उभ्या उसात शिरलेल्या माणसापर्यंत ते फारसे पोहोचतच नाही. चुंबकीय क्षेत्राला मात्र भिंतीची किंवा पत्र्याची अडकाठी होत नाही. त्यावर उपाय एकच, अंतर. लाईनीपासून बाजूला सरकावे तसे ते झपाट्याने कमी होत जाते.

आता आकडे पाहू. पृथ्वीचे स्वतःचे चुंबकीय क्षेत्र महाराष्ट्रात सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. ते स्थिर असते, पुढे-मागे होत नाही. टॉवर लाईनीच्या अगदी खाली ५० हर्ट्झचे क्षेत्र जास्तीत जास्त २० मायक्रोटेस्लाच्या आसपास जाते आणि ५० ते १०० मीटर बाजूला गेल्यावर ते नेहमीच्या पातळीवर येते. दाढीच्या विजेच्या यंत्राला अगदी चिकटून शेकडो मायक्रोटेस्ला भरतात, पण हातभर अंतरावर ते जवळपास संपते आणि ते यंत्र चालतेही दोन-चार मिनिटेच. आंतरराष्ट्रीय समितीने सर्वसाधारण जनतेसाठी ५० हर्ट्झची मर्यादा १९९८ साली १०० मायक्रोटेस्ला ठरवली होती. २०१० साली नव्या अभ्यासानंतर ती २०० केली. विद्युत क्षेत्राची मर्यादा मीटरला ५,००० व्होल्ट अशी आहे. मोठ्या ४०० केव्ही लाईनीच्या बरोबर खाली, तारेचा झोळ सर्वांत खाली असतो तिथे, ते १०,००० पर्यंत जाऊ शकते.

पेशीत वीज असतेच

उसाचे पान असो, बैलाचा खांदा असो की माणसाचे काळीज, सगळे पेशींचे बनलेले. पेशी डोळ्यांना दिसत नाही इतकी बारीक, तिच्याभोवती एक पातळ पटल. या पटलाच्या आत-बाहेर पोटॅश, सोडियम, कॅल्शियम यांचे भारित कण कमी-जास्त प्रमाणात असतात. त्यामुळे पटलाच्या दोन बाजूंत व्होल्टेज तयार होते. मज्जातंतूच्या पेशीत ते सुमारे ७० मिलिव्होल्ट असते. आकडा लहान वाटतो, पण पटल इतके पातळ आहे, की मीटरच्या हिशेबाने ते सुमारे एक कोटी व्होल्ट भरते. बाहेरून आलेल्या विजेला पेशीवर परिणाम करायचा असेल, तर तिला या घरच्या विजेशी झुंजावे लागते.

आता बाहेरचे आत किती पोहोचते? माणसाचे आणि जनावराचे शरीर खारट पाण्याचे असल्याने ते वीजवाहक आहे. बाहेरचे विद्युत क्षेत्र कातडीवरच जवळजवळ विरून जाते. बाहेर मीटरला १०,००० व्होल्ट असले तर शरीराच्या आत साधारण काही दहा-लाखांश हिश्श्याइतकेच, म्हणजे मीटरला व्होल्टचे काही शतांश भाग उरते. तेवढ्याने एका गोल पेशीच्या पटलावर जो फरक पडतो तो एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी भरतो. पेशी उबदार असल्याने तिच्यातील कण सतत धडपडत असतात आणि त्या धडपडीनेच पटलावर याच्या कितीतरी पट चढउतार होत असतात. अमेरिकेतील वीव्हर आणि ॲस्ट्युमियन यांनी १९९० साली आणि येल विद्यापीठाचे रॉबर्ट अडेअर यांनी १९९१ साली हा हिशेब मांडला. गव्हाणीवर यंत्राची घरघर चालू असताना कुणी कुजबुजले तर ऐकू येईल का? तसाच हा प्रकार.

याचा अर्थ पेशीवर कमी वारंवारतेच्या क्षेत्राचा परिणाम होतच नाही, असे नव्हे. क्षेत्र जोरदार असेल तर होतो. १८९६ साली फ्रान्सच्या दारसोनवाल या शास्त्रज्ञाने दाखवले, की मोठ्या वेटोळ्यात डोके ठेवून जोराचा उलटसुलट प्रवाह सोडला तर डोळ्यांपुढे काजवे चमकतात. डोळ्याच्या पडद्यातील पेशी चाळवल्या जातात म्हणून हे होते. त्यासाठी हजारो मायक्रोटेस्ला लागतात. अस्थिभंगात न सांधणारे हाड जुळावे म्हणून ठोक्याठोक्याने चुंबकीय क्षेत्र देणारी उपकरणे अमेरिकेत १९७९ सालापासून मान्य आहेत. मात्र त्यांचे क्षेत्र लाईनीसारखे सौम्य आणि एकसारखे नसते. ते झटक्याझटक्याने, जोराने आणि नेमक्या जागी दिले जाते.

मंद क्षेत्रानेही पेशी बिघडते, असे सांगणारे प्रयोग झाले आहेत. ऐंशीच्या दशकात न्यूयॉर्कमधील संशोधकांनी सांगितले, की काही मायक्रोटेस्लाच्या क्षेत्रात ठेवलेल्या रक्तपेशींत कर्करोगाशी संबंधित एका जनुकाचे काम वाढते. खळबळ उडाली. पण १९९५ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी तोच प्रयोग काटेकोरपणे करून पाहिला तेव्हा तसे काही आढळले नाही. पेशीतील कॅल्शियमवर परिणाम होतो असे सांगणाऱ्या कॅलिफोर्नियातील एका संशोधकाने तर आकड्यांत फेरफार केल्याचे १९९९ साली तेथील सरकारी चौकशीत ठरले. एका प्लॉटवर एका वर्षी एकरी उतारा चांगला पडला म्हणून आपण लगेच सगळ्यांना शिफारस करत नाही. दुसऱ्या रानात, दुसऱ्या हंगामात तसाच उतारा यावा लागतो. पेशीच्या प्रयोगांनाही हाच न्याय लावायचा.

उसाचे आणि जनावरांचे काय?

अतिउच्च दाबाच्या लाईनीखाली पिके घेऊन अमेरिकेत पुष्कळ चाचण्या झाल्या. टोकदार पानांच्या शेंड्यावर ठिणगीसारखा विसर्ग होऊन शेंडा करपतो खरा, पण त्यासाठी मीटरला सुमारे २०,००० व्होल्ट किंवा त्याहून जास्त क्षेत्र लागते. आपल्या रानात जमिनीजवळ तेवढे नसते. तेव्हा क्षेत्रामुळे ऊस खुरटतो, असे म्हणता येत नाही.

मग काही ठिकाणी लाईनीखालचा ऊस खरोखरच खुरटलेला दिसतो, तो का? रानात जाऊन खोऱ्याने माती उकरून पाहिली तर कारण सापडते. टॉवरचा पाया काढताना खालचा मुरूम आणि चुनखडीची माती वर येते, वरची काळी माती खाली गाडली जाते. तार ओढताना अवजड गाड्या त्याच पट्ट्यावरून फिरतात, ओल असेल तर जमीन दगडासारखी घट्ट होते. मुळ्या खाली जात नाहीत, पाणी मुरत नाही. त्यात 'इथे काय येणार' म्हणून त्या सऱ्यांकडे आपलेच दुर्लक्ष होते. ही तक्रार विजेची नसून मातीची आहे, आणि मातीवर उपाय आहे. लागणीपूर्वी जमीन वाफशावर असताना सबसॉयलर चालवावा, ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा, कारखान्याचे प्रेसमड खत आणि शेणखत मुबलक द्यावे. दोन हंगामांत पट्टा बऱ्यापैकी सुधारतो.

जनावरांच्या बाबतीत कॅनडातील क्वेबेक प्रांतात नव्वदच्या दशकात फार चांगले काम झाले. दुभत्या गाई खास गोठ्यात बांधून त्यांना मीटरला १०,००० व्होल्ट आणि ३० मायक्रोटेस्ला असे क्षेत्र देण्यात आले, म्हणजे मोठ्या लाईनीखाली सतत उभे राहिल्यासारखे. चारा, दूध, रक्तातील संप्रेरके मोजली. काही किरकोळ फरक दिसले, पण ते निरोगी जनावरात नेहमी होणाऱ्या चढउताराच्या मर्यादेतलेच होते. म्हैस आटली तर आधी चारा, गाभणकाळ आणि कासेचा आजार पाहावा.

मधमाश्या पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यात ७६५ केव्ही लाईनीखाली ठेवलेल्या पेट्यांतील माश्या बिथरल्या, मध कमी झाला. शोध घेता कळले, की पेटीतच माश्यांना बारीक बारीक झटके बसत होते. पेटीवर जमिनीला जोडलेली लोखंडी जाळी घातल्यावर हा त्रास थांबला. पेट्या लाईनीपासून दूर ठेवणे हा याहून सोपा उपाय.

लहान मुलांचा प्रश्न

आता ज्या एका बाबीत शास्त्रज्ञांनी अजून फाईल बंद केलेली नाही, ती सांगतो. १९७९ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांनी कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या घरांची पाहणी केली. जाड तारांच्या आणि ट्रान्सफॉर्मरच्या जवळच्या घरांत असे प्रकार जास्त आढळले. त्यांनी क्षेत्र मोजले नव्हते, तारा पाहून अंदाज बांधला होता. १९९३ साली स्वीडनमध्ये २२० आणि ४०० केव्ही लाईनींपासून ३०० मीटरच्या आत राहिलेल्या चार लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात पुन्हा तसाच कल दिसला. २००० साली नऊ अभ्यास एकत्र केले. त्यात ०.४ मायक्रोटेस्लापेक्षा कमी क्षेत्रात राहणाऱ्या मुलांना, आणि १०० पैकी ९९ हून अधिक मुले तशीच होती, काही धोका आढळला नाही. त्यापेक्षा जास्त क्षेत्रात सतत राहणाऱ्या थोड्या मुलांत धोका सुमारे दुप्पट दिसला.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ साली कमी वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र 'कदाचित कर्करोगकारक' या वर्गात घातले. त्याच वर्गात कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे. 'निश्चित कर्करोगकारक' या पहिल्या वर्गात तंबाखू आणि दारू आहेत. तंबाखूची गोळी दाढेखाली धरून टॉवर लाईनीची काळजी करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे!

दुसरी बाजूही आहे. उंदरांना दोन वर्षे १,००० मायक्रोटेस्लापर्यंतच्या क्षेत्रात ठेवूनही कर्करोग वाढल्याचा ठोस पुरावा अमेरिकेच्या सरकारी चाचण्यांत १९९९ साली मिळाला नाही. इंग्लंडमध्ये २०१४ साली जुन्या-नव्या नोंदी दशकवार लावून पाहिल्या, तर साठच्या दशकात दिसणारा जादा धोका हळूहळू कमी होत २००० नंतर उरलाच नाही. लाईनी त्याच, क्षेत्र तेच, मग धोका कमी का झाला? यावरून खरे कारण क्षेत्र नसून दुसरे काही असावे, असे पुष्कळांना वाटते. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्व तपासून सांगितले, की पुरावा कमकुवत आहे, पण जिथे फारसा खर्च न करता संपर्क कमी करता येतो तिथे तो करावा.

आमचे म्हणणे यावरच आधारलेले आहे. या अभ्यासात दिवसा दोन-चार तास काम करणाऱ्या माणसाचा संबंध नाही. खुरपायला, पाणी द्यायला, तोडणीला जाणाऱ्या स्त्री-पुरुषांनी बिनधास्त जावे. प्रश्न आहे तो लहान मुले रात्रंदिवस जिथे राहतात त्या जागेचा. कोपी पाचटाची असो की प्लास्टिकच्या कागदाची, चुंबकीय क्षेत्राला ती अडवत नाही. ती ३०० फूट बाजूला घालायला कुणाला एक पैसा खर्च येत नाही.

खरी भीती कशाची?

क्षेत्राने पेशी बिघडो न बिघडो, पण तारेला हात लागला तर त्याच ५० हर्ट्झच्या विजेने माणूस मरतो, यात शंका नाही. ४०० केव्ही लाईनीखाली उभ्या माणसाच्या अंगातून जो प्रवाह जातो तो एका मिलिअँपियरच्या सहाव्या-सातव्या हिश्श्याएवढा असतो. एक मिलिअँपियरला झिणझिण्या कळतात. दहाच्या आसपास स्नायू आखडून मूठ सुटत नाही. ५० ते १०० मिलिअँपियर छातीतून गेले तर काळजाच्या पेशी एका ठेक्यात आकुंचन पावायच्या सोडून वेड्यावाकड्या थरथरू लागतात, रक्त ढकलले जात नाही आणि काही मिनिटांत खेळ आटोपतो. पेशीवर विजेचा सर्वांत मोठा परिणाम कोणता, असे विचाराल तर तो हा.

नियमाप्रमाणे २२० केव्हीची तार जमिनीपासून कमीत कमी सुमारे ७ मीटर आणि ४०० केव्हीची सुमारे ८.८ मीटर उंच असावी लागते. बोअरमधून मोटर वर काढताना २० फुटी पाईप उभा केला, तर तो ६ मीटर उंच जातो. वरची तार किती जवळ आली, हिशेब तुम्हीच करा. एवढ्या दाबाला तारेचा प्रत्यक्ष स्पर्शही लागत नाही, नुसत्या जवळिकीने वीज उडी मारते.

म्हणून शेतकी विभागाची सर्व सभासदांना कळकळीची सूचना अशी :

१. टॉवर लाईनीखाली ऊस जरूर घ्यावा. मातीची मशागत नीट करावी.

२. टोळीच्या कोप्या, वस्तीचे घर आणि पाळणाघर लाईनीखाली नसावे, शक्यतो ३०० फूट बाजूला असावे. गोठा आणि खळे तेवढे लांब नेण्याची गरज नाही, पण तारेच्या बरोबर खाली बांधू नये. मुकादमाला जागा दाखवतानाच हे सांगावे.

३. लाईनीखाली पाईप, शिडी उभी करू नये. रेनगनचा फवारा तारेवर जाऊ देऊ नये. मोळ्या भरलेल्या ट्रॉलीवर तारेखाली कुणी उभे राहू नये.

४. लाईनीखाली पाचट पेटवू नये. जाळ आणि धुरातून वीज जमिनीकडे उडी मारते. पाचट सरीत आच्छादावे, खोडव्याला ते सोन्यासारखे आहे.

५. लाईनीला समांतर तारेचे कुंपण असल्यास ते ठिकठिकाणी जमिनीला अर्थिंग करावे. रबरी टायरचा ट्रॅक्टर लाईनीखाली उभा केल्यास हात लावताना चटका बसतो. तिथे डिझेल भरू नये.

६. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये, बैलांना तर मुळीच नेऊ नये. जनावराच्या पुढच्या-मागच्या पायांत अंतर जास्त असल्याने जमिनीतून पसरणारी वीज त्याच्या छातीतून जाते. लोंबकळणाऱ्या तारेची महावितरण कार्यालयात लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.

७. हृदयाला पेसमेकर बसवलेल्यांनी लाईनीखालच्या कामाबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे.

येत्या हंगामासाठी टोळ्या उतरण्यापूर्वी गट अधिकारी आणि स्लिपबॉय गावोगावच्या कोप्यांच्या जागा पाहणार आहेत. ज्या सभासदांच्या रानात लाईनीखालीच मोकळी जागा आहे, त्यांनी दुसऱ्या जागेसाठी आताच गट कार्यालयात सांगावे. शेजारच्या सभासदाच्या पडीक तुकड्यावर किंवा गावाच्या जागेत सोय लावून देण्याचे काम आम्ही करू. लाईनीखाली पडीक टाकलेल्या पट्ट्याची माती तपासून घ्यायची असेल तर नमुना याच वेळी आणून द्यावा.